टर्मिनल खिडकीचा आकार (पास्कल प्रोग्रॅमिंग)

मजकुराच्या पडद्यावर एका वेळी मावणारे स्तंभ आणि ओळी म्हणजे टर्मिनल खिडकीचा आकार. तो पिक्सेलमध्ये नव्हे, अक्षरघरांत मोजतात. निक्लाउस विर्ट यांनी १९७० मध्ये मांडलेल्या मूळ पास्कल भाषेत पडदा ही कल्पनाच नाही; आहे ती ओळीमागून ओळ लिहिण्याची फाइल. म्हणून आकार हवा असेल तर प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टिमकडेच विचारणा करावी लागते, आणि विचारण्याची रीत दर सिस्टिमला निराळी.

नेरळ–माथेरान या १९०७ मध्ये सुरू झालेल्या छोट्या गाडीचे वेळापत्रक छापणारा प्रोग्रॅम उदाहरणादाखल घेता येईल. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि माथेरान ही स्थानके रुंद खिडकीत शेजारी-शेजारी रकान्यांत बसतात. अरुंद खिडकीत ती एकाखाली एक घ्यावी लागतात. रुंदी न विचारता ८० धरून चालले की ओळी मध्येच मोडतात आणि कोणती वेळ कोणत्या स्थानकाची हे कळेनासे होते. ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रपत्रापासून चालत आलेला आहे. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर ८० स्तंभ व २४ ओळी होत्या, आयबीएम पीसीवर २५ ओळी. आज ८० हा आकडा केवळ शेवटचा आधार म्हणून ठेवावा.

डॉसवर काम सोपे होते. बोरलँडच्या टर्बो पास्कलच्या चौथ्या आवृत्तीत (१९८७) सीआरटी युनिट आले. त्यातील विंडमॅक्स या चलाच्या खालच्या बाइटमध्ये शेवटच्या स्तंभाचा आणि वरच्या बाइटमध्ये शेवटच्या ओळीचा क्रमांक असतो. मोजणी शून्यापासून, म्हणून नेहमीच्या पडद्यावर तिथे ७९ आणि २४ मिळतात. प्रत्येकी एक मिळवायचा. मात्र प्रोग्रॅमने विंडो ही प्रक्रिया वापरून लहान चौकट आखली असेल, तर विंडमॅक्स त्या चौकटीचा कोपरा सांगतो, पूर्ण पडद्याचा नव्हे. शिवाय एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. आजच्या रुंद मॉनिटरवर बारीक अक्षरांत ही मर्यादा खरोखर ओलांडली जाते.

लिनक्स, मॅकओएस आणि बीएसडी या युनिक्स कुळात आकाराची नोंद कर्नल ठेवतो. टर्मिनल चालवणारा प्रोग्रॅम ती भरतो आणि इतरांनी आयओसीटीएल या हाकेने ती मागायची. फ्री पास्कल या संकलकात बेसयुनिक्स व टर्मआयओ ही युनिटे घेऊन एफपीआयओसीटीएल या फंक्शनला टीआयओसीजी-विनएसझेड हा स्थिरांक आणि टीविनसाइझ जातीचे रेकॉर्ड देतात. ओळी व स्तंभ त्या रेकॉर्डमध्ये येतात. स्थिरांकाचे मूल्य हाताने लिहू नये. इंटेल कुळातील लिनक्सवर ते षोडशमान पद्धतीत ५४१३ आहे, तर मॅकओएसवर ४००८७४६८. उत्तर यशस्वी येऊनही आकडे शून्य असू शकतात. सीरियल तारेने जोडलेल्या टर्मिनलबाबत कर्नलला रुंदी कोणी सांगितलेलीच नसते. आउटपुट फाइलकडे किंवा पाइपकडे वळवले असेल तर हाकच फसते. अशा वेळी प्रमाण त्रुटी-वाहिनी किंवा टीटीवाय ही उपकरण-फाइल उघडून विचारावे. पण आधी ठरवावे ते हे, की फाइलमध्ये जाणाऱ्या मजकुराला खिडकीची रुंदी लावायची तरी का.

वापरकर्त्याने खिडकी ओढून लहान-मोठी केली की सिगविंच हा सिग्नल येतो. त्याच्या हँडलरमध्ये फक्त एक खूण नोंदवावी आणि आकाराची नवी विचारणा व पुनर्रेखन मुख्य चक्रात करावे. हँडलरमधूनच पडद्यावर लिहिणारे प्रोग्रॅम कधीतरी अर्धवट ओळी सोडून कोसळतात, आणि असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते.

विंडोजवर गेटकन्सोलस्क्रीनबफरइन्फो हे फंक्शन आहे, आणि नवख्याची फसगत होते ती इथे. मिळणाऱ्या रेकॉर्डमध्ये दोन आकार असतात. डीडब्ल्यूसाइझ हा संपूर्ण बफरचा, म्हणजे वर सरकून गेलेल्या ओळींसकट. त्यात ३०० किंवा ९००१ ओळी दिसू शकतात. डोळ्यांसमोरची खिडकी एसआरविंडो या चौकोनात असते. उजव्या कडेतून डावी वजा करून एक मिळवला की स्तंभ, आणि खालच्या कडेतून वरची वजा करून एक मिळवला की ओळी.

एकाच मूळ संहितेत हे सारे बसवायचे तर सशर्त संकलनाने युनिक्स व विंडोजचे भाग वेगळे करून एकाच फंक्शनमागे ठेवतात. फ्री पास्कलचे व्हिडिओ युनिट स्क्रीनविड्थ व स्क्रीनहाइट ही चले आयती देते, पण ते सगळा पडदा ताब्यात घेते. संपादकासारख्या प्रोग्रॅमला ते योग्य. चार ओळी छापणाऱ्याला थेट हाक बरी.

मराठी मजकुरासाठी खिडकीची रुंदी कळणे हे अर्धेच काम आहे. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवून मजकुराच्या पडद्यावर देवनागरी उमटवत. आता यूटीएफ-८ मध्ये ‘नेरळ’ या शब्दाचे लेंग्थ फंक्शन १२ बाइट सांगते, फ्री पास्कलवर आधारलेल्या लाझारसचे यूटीएफ८लेंग्थ ४ संकेत मोजते, आणि पडद्यावर तो ३ घरे घेतो, कारण वरची मात्रा स्वतंत्र जागा घेत नाही. ‘खालापूर’मध्ये बाइट २१ आणि संकेत ७, काही टर्मिनल प्रत्येक कान्याला वेगळे घर देऊन ६ घरे वापरतात, काही ४. म्हणून लेंग्थवर रकाने बेतू नयेत. नेमकी रुंदी हवी असल्यास शब्द छापून एस्केप संकेताने कर्सरचे स्थान त्या टर्मिनललाच विचारावे आणि आधीच्या स्थानाशी फरक काढावा. उत्तर कीबोर्डच्या वाटेने परत येते, म्हणून ते वाचेपर्यंत टर्मिनल कच्च्या स्थितीत ठेवावे लागते आणि उत्तर न देणाऱ्या टर्मिनलसाठी वेळेची मर्यादा घालावी लागते.