एका धनुष्याची किंमत घोडा आणि घोंगडी! फणसाच्या नात्यातल्या या लाकडात एवढं काय होतं?

१८११ च्या सुमारास ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञ जॉन ब्रॅडबरी अमेरिकेत मिसुरी नदीकाठी फिरत होता. तिथल्या अरिकारा लोकांमध्ये एका खास लाकडाच्या धनुष्याचा भाव होता एक घोडा आणि एक घोंगडी. ते लाकूड ओसेज ऑरेंजचं.

नावात ऑरेंज असलं तरी या झाडाचा संत्र्याशी काही संबंध नाही. ते फणस आणि तुतीच्या कुळातलं आहे. फांदी तोडली की फणसासारखाच पांढरा चीक येतो. मूळचं ते टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्सामधल्या रेड नदीच्या आसपासच्या छोट्या पट्ट्यातलं. अरिकारांची गावं तिथून शेकडो मैल उत्तरेला होती, त्यामुळे भाव चढणारच. फ्रेंचांनी तर त्याचं नावच 'ब्वा दार्क', म्हणजे धनुष्याचं लाकूड, असं ठेवलं होतं.

पुढे शेतांच्या काटेरी कुंपणासाठी हे झाड अमेरिकेत दूरवर लावलं गेलं. पण कुंपणातलं झाड वेडंवाकडं वाढतं. धनुष्याला हवा असतो सरळ, कमी गाठींचा ओंडका, आणि तो आजही सहज मिळत नाही.

मिळालाच तर तो उभा चिरतात. टोकांना तडे जाऊ नयेत म्हणून तिथे गोंद किंवा मेण लावतात आणि लाकूड कित्येक महिने सुकू देतात. खरी कसोटी त्यानंतरची.

दोरी ओढली की धनुष्याची पुढची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि नेमबाजाकडची बाजू दाबली जाते. पाठीवरचा एखादा तंतू मध्येच कापलेला असेल तर तिथूनच चीर उठते. म्हणून साल आणि खालचं पांढुरकं लाकूड काढून पिवळ्या गाभ्यातलं एकच वार्षिक वलय निवडायचं आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवायचं. दोन वलयांमध्ये वसंतात वाढलेला पातळ, सच्छिद्र थर असतो. पातं त्यात शिरलं की करकर आवाज येतो. कारागीर डोळ्यांइतकाच या आवाजावर विसंबतो. गाठ आली तर वलय तिच्याभोवती वर चढतं, पात्यालाही त्याच्यासोबत चढावं लागतं. घाईत सपाट केलं की वलय तुटलं! मग खालच्या वलयापर्यंत सगळी लांबी पुन्हा सोलायची. तेवढी जाडी शिल्लक नसेल तर महिनोन्‌महिने सुकवलेलं लाकूड वाया.

यानंतर पाठीला हात लावायचा नाही. फक्त आतली बाजू कानशीने थोडी थोडी उतरवायची, दोरी हळूहळू ओढून बघायची. दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत हेच चालतं. तयार धनुष्य हळदीसारखं पिवळं दिसतं, पण उन्हाने काही काळातच तपकिरी होतं.