एकच पॅटर्न, दोन उत्तरं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी डीएनएच्या फाईलमध्ये सलग आलेले 'ए' शोधायला ग्रेपला '+' घातलेला पॅटर्न दिला. उत्तर आलं शून्य, आणि एररही नाही! तेच शून्य मी तक्त्यात भरणार होतो. चूक कळायला थोडं इतिहासात जावं लागलं.

रेग्युलर एक्स्प्रेशनची कल्पना गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५० च्या दशकात मांडली. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी तिच्या आधारे मजकूर शोधायची रीत प्रसिद्ध केली. पुढे त्यांनीच ग्रेप लिहिला. त्यात '+' हे साधं अक्षर होतं. नंतर आल्फ्रेड आहो यांच्या ईग्रेपमध्ये '+' म्हणजे 'एक किंवा अधिक वेळा' झालं. तोवर ग्रेपवर लोकांच्या स्क्रिप्ट चालत होत्या. त्यामुळे १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणकाने दोन्ही पद्धती ठेवल्या.

या दोघांतलं रूपांतर बरंचसं बॅकस्लॅश घालण्या-काढण्याचं आहे. खरी गोम पुढे आहे. 'रामदास' या शब्दावर 'राम|रामदास' हा पॅटर्न चालवून बघा. पॉझिक्सच्या नियमाने सर्वांत लांब जुळणी घ्यायची, म्हणून ईग्रेप 'रामदास' देतो. पर्ल आणि पायथन पहिला पर्याय जुळला की थांबतात, म्हणून 'राम'. चिन्हं तीच, उत्तर वेगळं.

तेव्हा कुणाच्या पेपरमधला पॅटर्न उचलण्याआधी तो कोणत्या टूलसाठी लिहिलाय ते बघा. उत्तर आधीच माहीत असलेल्या चार ओळींवर तो चालवा. आणि थिसिसमध्ये टूलचं नाव नि व्हर्जन नक्की लिहा.