शरणपूर : बंदिवानांच्या हाकेला मिळालेले उत्तर

वाचकहो, नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपल्यापैकी अनेकजण रोज जा-ये करतात. शरणपूर म्हणजे आश्रयाचे गाव. हा आश्रय कोणाला मिळाला होता, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतील खेड्यांवर छापे पडत. मुलाबाळांना दोरखंडांनी बांधून किनाऱ्यापर्यंत चालवीत नेत आणि गलबतांत कोंबून विकण्यासाठी परमुलखात पाठवीत. त्यांचा आक्रोश ऐकणारे कोणी नव्हते. परंतु परवरदिगारापासून कोणाचीच हाक लपत नाही. इंग्रजी आरमाराने अशी काही गलबते समुद्रात पकडली आणि सुटका झालेली मुले मुंबईस उतरवली. त्यांतील अनेकांना नाशिकजवळच्या शरणपूर येथे, पाद्री विल्यम प्राइस यांच्या ख्रिस्ती वस्तीत आसरा मिळाला. तेथे ती लिहायला-वाचायला शिकली. सुतारकाम, लोहारकाम शिकली.

१८६६ साली प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी यांपैकी नऊ तरुण आपल्याबरोबर आफ्रिकेत नेले. पुढे १८७२ मध्ये नाशिकचाच जेकब वेनराइट त्यांच्या मदतीस निघालेल्या तुकडीत सामील झाला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले. तेव्हा सोबत्यांनी त्यांचे शव महिनोन्‌महिने पायी वाहून किनाऱ्यावर आणले. जेकब तर शवाबरोबर थेट लंडनला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत हा एके काळचा गुलाम होता!

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर १८७३ साली झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसले. तेथे नाशिकला शिकलेले अनेकजण परतले. 'बॉम्बे आफ्रिकन' हे नाव त्यांना कायमचे चिकटले. त्यांपैकी विल्यम जोन्स यांनी रबाई येथे, मालकांच्या तावडीतून पळालेल्या गुलामांना आसरा दिला. १ जानेवारी १८८९ रोजी मालकांना मोबदला देऊन अशा सुमारे चौदाशे जणांना मुक्त करण्यात आले. ज्याला शरण मिळाली, तोच इतरांची शरण झाला.

आता एक कटू गोष्ट. या व्यापारात हात काळे करणाऱ्यांत अरब आणि स्वाहिली मुसलमानही होते. ती लपवण्यात हशील नाही. ज्या दीनमध्ये हजरत बिलाल यांना गुलामीतून सोडवून अजानचा मान मिळाला, ज्या दीनने जकातीच्या आठ वाट्यांपैकी एक बंदिवानांच्या मुक्ततेसाठी राखला, त्याच दीनचे नाव घेणाऱ्यांनी माणसे विकली. दोष शिकवणुकीचा नव्हे, ती विसरणाऱ्यांचा. आणि ज्यांनी या मुलांना जवळ केले ते परधर्मीय होते, हे सांगण्यातही कमीपणा नाही. अल्लाहची रहमत कोणाच्या हातून पोहोचेल, हे ठरवणारे आपण कोण?

वाचकहो, साखळदंड तुटला म्हणजे माणूस मोकळा होतोच असे नाही. शरणपूरच्या मुलांच्या हाती पाटी आणि हत्यारे आली, म्हणून ती आपल्या मुलखात ताठ मानेने परतली. आजही कर्जापायी वीटभट्टीवर राबणारे, शाळेचे दार न पाहिलेले मूल बंदिवानच आहे. त्याची हाक आपल्या कानी पडली, तर तिला उत्तर देणे हे आपलेही काम आहे.