केडगावची सेवा आणि दुभंगलेल्या रमाबाई

मराठी वाङ्मयाच्या आणि समाजसुधारणेच्या इतिहासात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) बहुधा दोन वेगळ्या स्त्रिया असल्यासारख्या वावरतात. पहिल्या रमाबाई १८८२ साली 'स्त्रीधर्मनीति' लिहितात, १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीचा नि प्रवासाचा वृत्तांत प्रसिद्ध करतात आणि विधवांसाठी शारदासदन काढतात. या रमाबाई आम्ही वर्गात आवर्जून शिकवतो. दुसऱ्या रमाबाई केडगावच्या मुक्तिसदनात प्रार्थना करतात, बायबलचे भाषांतर करतात. त्यांची बोळवण एका वाक्यात होते. ही फाळणी सोयीची आहे, परंतु ती खरी आहे काय?

या दोन्ही रमाबाईंना जोडणारा धागा सेवेचा आहे. तो ओळखण्यासाठी आधी दुष्काळाकडे पाहावे लागते. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. संस्कृत विद्या होती, पुराणकथनाची वृत्ती होती, पण पोटात अन्न नव्हते. भावासह पायी भटकत त्या पुढे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील विद्वत्सभेने त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भूक त्यांनी ग्रंथातून जाणलेली नव्हती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे मतपरिवर्तन निव्वळ तत्त्वचर्चेतून घडले नाही. आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी लंडनमधील फुलहॅम येथील आश्रयगृहाच्या भेटीला मोठे महत्त्व दिले आहे. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची तेथे जोगिणी शुश्रूषा करीत होत्या. अशा स्त्रियांसाठी कोणी काही करावे, हीच कल्पना रमाबाईंना नवी होती. यामागचे कारण विचारताच त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी त्यांनी सेवा पाहिली, मग त्या सेवेचा अर्थ सांगणारा ग्रंथ त्यांच्यापुढे आला.

मात्र सेवेने भारावून जाऊन त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या चर्चच्या अधिकाराशी निकराने वाद घालतात. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असा त्यांचा आशय आहे. धर्म स्वीकारलेला, पण धर्मसंस्थेपुढे न वाकलेला हा ख्रिस्तीपणा होता.

येथे अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. ही सेवा धर्मांतराचे साधन होती का? शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलले. धर्माच्या बाबतीत ते तटस्थ राहील, असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत उघड्या दाराने प्रार्थना करीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. त्यातून वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडला. विश्वासभंग झाला, ही त्यांची भावना खोटी म्हणता येत नाही. आपली श्रद्धा लपवायची नाही आणि कोणावर लादायचीही नाही, ही रमाबाईंची भूमिकाही खोटी म्हणता येत नाही. त्याच वर्षी सदनातील सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक, गोदूबाई, यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. पुढे आनंदीबाई कर्वे या नावाने त्यांनी 'माझे पुराण' लिहिले. रमाबाईंच्या घरात शिकलेली प्रत्येक स्त्री ख्रिस्ती झाली नाही, हे त्या एका आयुष्यावरूनही दिसते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. स्वतःच्या तरुणपणातील उपासमारीची आठवण आपल्याला तिकडे घेऊन गेली, असे त्यांनीच सांगितले आहे. पुण्यात प्लेगचे दिवस होते. तेव्हा केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन कामी आली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, तेलघाणा, दूधदुभते, छापखाना, सारे काही स्त्रियांच्या हाती होते. अंध स्त्रियांसाठी वेगळे घर होते आणि फुलहॅमची आठवण जागवणारे कृपासदनही होते. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते आणि तेथे अनेकींनी तो धर्म घेतला. भुकेल्याच्या धर्मांतरात निवडीचे स्वातंत्र्य कितपत असते, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. पण ज्यांना कोणीच दारात उभे करीत नव्हते त्यांना रमाबाईंनी घरात घेतले, हे त्या प्रश्नाने पुसले जात नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना याहून जवळची गोष्ट बायबलच्या भाषांतराची आहे. त्यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने संस्कृतप्रचुर भाषा जाणीवपूर्वक बाजूला ठेवली, कारण नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बायकांना तो ग्रंथ स्वतः वाचता यावा असे त्यांना वाटत होते. खिळे जुळवण्याचे आणि छापण्याचे कामही केडगावच्या स्त्रियांनीच केले. संपूर्ण भाषांतर रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.

पांडित्य मिरवण्याची पूर्ण पात्रता असताना ते उतरवून ठेवणे, हीदेखील सेवाच होय. शैलीच्या इतिहासात अशा त्यागाची नोंद कोठे करावयाची, हे आमच्या अभ्यासक्रमांनी अद्याप ठरवलेले नाही. धर्मग्रंथ म्हणून हे भाषांतर कोणी मानो वा न मानो. वाचकासाठी भाषा वाकवण्याचा एक प्रयोग म्हणून ते १८८९ च्या प्रवासवृत्ताशेजारी ठेवून वाचले पाहिजे. तसे वाचले, तर अमेरिकेतील स्त्रियांच्या संस्था कौतुकाने न्याहाळणारी लेखिका आणि केडगावच्या छापखान्यातील भाषांतरकार या दोघी वेगळ्या वाटेनाशा होतील.