खामगावची रेल्वे आणि न्यूयॉर्कचा मका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथं अडखळलो होतो तेवढं गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात तुमच्या फोनपासून करू. रील बघता बघता मध्येच एका लहान मुलाचा फोटो येतो. डोळे मोठे, हात काडीसारखे. खाली लिहिलेलं असतं, महिन्याला इतके रुपये द्या, या मुलाची जबाबदारी घ्या. आपण थांबतो किंवा पुढं सरकवतो. ही कल्पना फेसबुकच्या जमान्यातली वाटते ना? तशी ती नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लोकांना अशाच फोटोंसह अशीच हाक घातली जात होती, आणि ज्या मुलांसाठी ती होती ती होती दुष्काळात सापडलेल्या हिंदुस्थानची. त्यांतलीच काही मुलं आपल्या वऱ्हाडातली.

आता खामगावला या. बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव. खरं तर तेव्हा ते बुलढाण्यात नव्हतंच! १९०५ सालापर्यंत खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके अकोला जिल्ह्यात होते. त्यामुळं जुन्या कागदांत खामगाव शोधायचं तर अकोल्याच्या दप्तरात शिरावं लागतं. यात माझे दोन रविवार गेलेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

खामगाव म्हणजे कापूस. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. १८५३ पासून हा मुलूख निजामाच्या नावावर पण इंग्रजांच्या हातात होता, म्हणजे अडवणारं कुणी नव्हतंच. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. कशासाठी? जलंब ते खामगाव या १३ किलोमीटरच्या रेल्वेफाट्याचं उद्घाटन करायला. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय! कारण साधं आहे. बाजारातली कापसाची गाठ त्या फाट्यावरून मुख्य लाइनवर, तिथून मुंबई बंदरात आणि तिथून थेट इंग्लंडला जाणार होती.

आता तीस वर्षं पुढं चला. १८९९. पावसानं दगा दिला. आधी १८९६-९७ मध्ये एक दुष्काळ होऊन गेलेला, लोक त्यातून जेमतेम उठलेले. गुजरात-राजस्थानात याला छप्पनिया म्हणतात, विक्रम संवत १९५६ मधला म्हणून. वऱ्हाडात ज्वारी गेली, कडबा गेला, मग बैल गेले. ज्याच्याकडं शेत नव्हतं, जो दुसऱ्याच्या शेतात मजुरीवर जगत होता, त्याचं तर पहिल्याच महिन्यात संपलं. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडा, मजुरी घ्या. नवरा-बायको खडी फोडतायत आणि पोरं बाजूला बसलीयत, असं ते चित्र.

किती माणसं गेली? १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या होती सुमारे २८ लाख ९७ हजार. १९०१ मध्ये ती भरली २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत वाढायची सोडून १ लाख ४३ हजारांनी कमी झाली. काही पुस्तकांत हाच १ लाख ४३ हजारांचा आकडा १८९९-१९०० मधल्या थेट भूकबळींचा म्हणून दिलेला असतो. मला तो जरा जपून घ्यावासा वाटतो, कारण तो जनगणनेतल्या घटीशी हुबेहूब जुळतो. घट म्हणजे मेलेली माणसं, गाव सोडून गेलेली माणसं आणि जन्मालाच न आलेली मुलं, सगळं एकत्र. पण एवढं मानून घेतलं तरी आकडा काही हलका होत नाही.

ही बातमी अमेरिकेत पोचली. न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हेरल्ड या साप्ताहिकाचे लुई क्लॉप्श यांनी वाचकांकडून मदत गोळा केली. अमेरिकन सरकारनं जहाज भाड्यानं घेऊन दिलं. जहाजाचं नाव क्विटो. १० मे १९०० रोजी ते न्यूयॉर्कहून मुंबईकडं निघालं, पोटात सुमारे २ लाख बुशेल मका. म्हणजे साधारण पाच हजार टन. कुणा शेतकऱ्यानं पोतंभर दिला असेल, कुणा मुलानं खाऊचे पैसे दिले असतील. त्या लोकांच्या मनाबद्दल मला शंका नाही.

पण इथं दुसरा आकडा ठेवावाच लागतो. वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावर लक्ष्मण सत्या यांचं इंग्रजी पुस्तक आहे. या विषयावरच्या इतिहासलेखनात एक आकडा येतो: त्याच दुष्काळात वऱ्हाडातून सुमारे ७ लाख ४७ हजार बुशेल धान्य बाहेर गेलं. कापूस वेगळाच. आता मांडा हिशोब. अख्ख्या हिंदुस्थानसाठी अमेरिकेतून आलेल्या त्या जहाजाच्या पावणेचारपट धान्य एकट्या वऱ्हाडातून निघून गेलं. म्हणजे धान्य नव्हतं असं नाही. ते विकत घ्यायला खडी फोडणाऱ्याच्या हातात पैसा नव्हता, आणि ज्याच्या हातात होता तो दुसऱ्या गावचा होता. रेल्वे मात्र वेळेवर धावत होती.

या सगळ्यात काही परदेशी माणसं वऱ्हाडात राहत होती. अलायन्स मिशन या अमेरिकन मिशनचे लोक. १८८०च्या दशकापासून अकोल्यात त्यांचं ठाणं, मग खामगाव आणि आसपास. यांतल्या कितीतरी जणी लग्न न केलेल्या तरुण बाया होत्या. घरापासून हजारो मैल लांब येऊन आधी मराठी शिकायच्या, आणि वर्गातलं मराठी शिकून बाहेर आलं की समोर वऱ्हाडी! दुष्काळात या मिशननं अनाथ मुलांना ठेवून घेतलं. मुलगे अकोल्याला, मुली खामगावला. खर्च कसा चालायचा? अमेरिकेतला एक वाचक वर्षाला १५ डॉलर पाठवायचा, त्यात एक मूल वर्षभर जगायचं. तेव्हाच्या भावानं साधारण ४५ रुपये. ते फोनवरचं ‘महिन्याला इतके रुपये’ याच धर्तीचं.

आता अवघड भाग. ‘अनाथ’ म्हणजे नक्की कोण? दुष्काळात हरवलेल्या प्रत्येक मुलाचे आईबाप मेलेले नसायचे. बाप कामाच्या शोधात गेला, आई आजारी पडली, पोर अन्नछत्रात राहिलं. कुणी स्वतःच मूल आणून सोडायचं, कारण इथं निदान जेवण आहे. सहा वर्षांच्या मुलीला बापाचं नाव विचारा, ती ‘बा’ म्हणेल. गावाचं नाव विचारा, तेही सांगता येईलच असं नाही. मग पाऊस पडल्यावर बाप परत आला तर तिला शोधणार कसा? आणि तोवर तिचं नाव आणि देव दोन्ही बदललेले असले तर?

यावरून तेव्हाच मोठं भांडण झालं. लाला लजपत राय आणि आर्य समाजाचे लोक मध्य प्रांतासारख्या भागांतून अनाथ मुलं पंजाबात नेऊ लागले. १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढं लजपत रायांनी साक्षही दिली. त्यांचा मुद्दा होता की भुकेल्या मुलाचा धर्म असा हातोहात बदलू नये. मुद्दा मला पटतो. फक्त एक गोष्ट खटकते. मूल कुणाचं यावर वाद घालणारे पुष्कळ होते, पण त्या मुलीला काय वाटलं हे विचारून लिहून ठेवलेलं मला अजून कुठं सापडलेलं नाही.

मुलीच्या बाजूनं बोलू शकेल असं एक माणूस होतं. पंडिता रमाबाई. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात, गावोगाव भटकताना, त्यांचे वडील, आई आणि बहीण गेले. त्या आणि भाऊ उरले. म्हणून १८९६-९७ मध्ये दुष्काळाची बातमी आल्यावर त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या, पुढं केडगावला त्यांची सोय केली. वऱ्हाडच्या अलायन्स मिशनमधल्या जेनी फुलर यांचं हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालांवरचं पुस्तक १९०० मध्ये आलं, त्याची प्रस्तावना रमाबाईंचीच. फुलरबाईंनी जे पाहून लिहिलं, ते रमाबाई जगल्या होत्या.

खामगावच्या त्या मुलींना जेवण मिळालं, म्हणून त्या जगल्या. हे छोटं नाही. सांभाळणाऱ्या मडमच्या कुशीत कुणी रात्री रडली असेल, कुणाला तीच आई वाटली असेल. दोन्ही खरं असू शकतं: तिनं जीव वाचवला, आणि तिच्याकडं आल्यामुळं घराची वाटही पुसली गेली.

कधी मुंबई-नागपूर गाडीनं जात असाल तर शेगावच्या अलीकडं जलंब लागतं. तिथून एक फाटा फुटतो, खामगावकडं जाणारा. व्हाइसरॉयनं उघडलेला तो हाच. पुढच्या भागात याच फाट्यानं गावात शिरू आणि खामगावच्या कापूसबाजारात फिरू.