दरसालची मामलत

नोकरी जाणें हें दुःख जुनें आहे, आणि तें सोसण्याच्या रीतीहि मनुष्यानें फार दिवसांपासून ठरवून ठेविल्या आहेत. संस्थान खालसा झालें, गिरणी बंद पडली, खातें मोडलें, तर मनुष्य काळाला बोल लावतो आणि चार दिवसांनीं दुसऱ्या उद्योगास लागतो. काम उरलें नाहीं म्हणून आपण उरलों नाहीं, एवढें तरी समाधान त्याला असतें. परंतु ज्या जागेवरून आपणांस निरोप मिळाला त्याच जागेची जाहिरात महिन्या-दोन महिन्यांनीं वर्तमानपत्रांत दिसली, म्हणजे हें समाधानहि हिरावलें जातें. विषय तोच, पात्रता तीच, मोबदलाहि तोच. काम जागच्या जागीं आहे. तें करणाराच तेवढा नको आहे, असें त्या चार ओळी सांगत असतात.

हा अनुभव केवळ आजच्या काळाचा आहे, असें आमच्या वाचकांस वाटण्याचा संभव आहे. आमच्या मतें त्याची कुळकथा दोनशें वर्षांहून जुनी असून ती महाराष्ट्राच्या मातींतलीच आहे. ती येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे. कारण जागा दरसाल नव्यानें पुकारली म्हणजे जागेवरच्या मनुष्याचें काय होतें, आणि त्याहून महत्त्वाचें, त्या कामाचें काय होतें, हें त्या कथेवरून स्पष्ट दिसतें.

दुसऱ्या बाजीरावास १७९६ सालीं पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. त्याच्या कारकीर्दींत परगण्यांच्या मामलती कशा दिल्या जात, याचें वर्णन माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधीं १८१९ सालीं लिहिलेल्या अहवालांत आहे. अनुभवी व सचोटीच्या मनुष्यास मामलत सांगण्याऐवजीं ती दरबारच्या मंडळींत लिलावास काढली जाई. चढती बोली बोलण्यास उत्तेजन मिळे, आणि जो मागें सरे त्याच्यावर प्रसंगीं इतराजी होई. वर्ष उलटलें कीं हाच प्रकार पुन्हां होऊन तीच मामलत बहुधा अधिक रक्कम कबूल करणाऱ्याच्या पदरीं पडे. अशा मामलतदारास चौकशी करावयास वेळ नसे आणि रयतेस सांभाळून घेण्याचें कारणहि नसे. तो आपला परगणा वाढत्या दरानें पोटमक्तेदारांस देई, ते त्याखालच्यांस देत, आणि ही उतरंड शेवटीं गांवच्या पाटलापर्यंत येऊन पोंचे.

हा अहवाल जेत्यानें लिहिलेला आहे, म्हणून तो जपून वाचला पाहिजे, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. परंतु इंग्रजांच्या मर्जींतल्या मुलखांतहि त्याच काळीं तोच प्रकार चालू होता, आणि त्याचा साक्षीदार आमचा मराठवाडा आहे.

आज जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत मोडणारें पिंपळगांव रेणुकाई हें गांव उदाहरणादाखल घेऊं. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेस पसरलेला हा प्रदेश. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं याच टापूंत असईची लढाई झाली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजांस आर्थर वेल्स्ली यानें पराभूत केलें. त्या वर्षाच्या अखेरीस सुर्जी-अंजनगांवचा तह होऊन अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांकडील मुलूख जालन्यासह कंपनीच्या हातीं आला. आणि १८०४ सालच्या वांटणींत कंपनीनें तो निजामाच्या पदरांत टाकला. गांवांचे धनी बदलले, परंतु रयतेचा वनवास चुकला नाहीं. निजामाच्या दरबारीं त्या काळीं राजा चंदुलाल याचा अंमल सुरूं झाला. १८०६ पासून तो पेशकार होता, पुढें दिवाण झाला, आणि १८४३ पर्यंत राज्याचा गाडा त्याच्याच हातीं राहिला. दरबारास पैशाची सदैव टंचाई असल्यामुळें तालुके मक्त्यानें देण्यांत येत. आगाऊ रक्कम भरून एखादा तालुकदार जिल्ह्यांत पोंचतो न पोंचतो, तोंच दुसरा त्याहून मोठी थैली घेऊन हैदराबादेस हजर होई, आणि पहिल्याची भरपाई होण्यापूर्वींच त्याची उचलबांगडी होई.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्याची जागा पुढील वर्षीं पुकारली जाणार आहे, तो मनुष्य मुळांत वाईट असतो असें नाहीं. तोच मनुष्य दहा वर्षांच्या भरंवशावर बसविला असता तर त्यानें विहीर खणण्यास तगाई दिली असती, ओसाड पडलेल्या गांवांत कौल देऊन कुळें आणलीं असतीं. ज्यास उद्यांचा भरंवसा नाहीं तो विहीर खणीत नाहीं. हें निजामाच्या राज्यांतहि अखेर कोणास तरी कळलें. १८५३ सालीं दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगानें मक्तेदारी हळूहळू मोडून पगारी तालुकदार नेमले, आणि १८६५ सालीं जिलाबंदी करून जिल्ह्यांचा कारभार नव्यानें बांधला. त्या कारभारांत दोष पुष्कळ राहिले. परंतु जागा विकावयाची नसते आणि जागेवरील मनुष्यास कांहीं काळ स्वस्थता द्यावयाची असते, हीं दोन तत्त्वें त्यानें मान्य केलीं.

मग जाहिरात ही वाईटच गोष्ट आहे काय? तसें म्हणणें मोठा अन्याय होईल. जाहिरातीपूर्वीं जागा कशा मिळत, हें आठवून पाहावें. विलायतेंत त्या वशिल्यानें मिळत. त्या वशिल्यावर १८५४ सालच्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालानें कोरडे ओढले, आणि हिंदुस्थानच्या मुलकी नोकरीसाठीं १८५५ पासून स्पर्धेची परीक्षा सुरूं झाली. मुंबईच्या गिरण्यांत जागा जॉबराच्या हातीं असत. तो ज्यास घेईल तो आंत, ज्यास काढील तो बाहेर; त्याच्या या अधिकारावर १९३१ सालच्या मजूरविषयक रॉयल कमिशननें कडक टीका केली. सकाळीं फाटकापाशीं तिष्ठत उभे राहणाऱ्या बदली कामगारांस कार्डें देऊन त्यांतूनच रिकाम्या जागा भराव्या, अशी योजना गिरणीमालकांच्या संघानें १९३५ सालीं काढली, ती याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. जागा उघडपणें पुकारणें म्हणजे ज्याचा कोणी मामा-काका कचेरींत नाहीं त्यालाहि दार उघडणें होय. आमच्या राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदानें सरकारी नोकरींत सर्वांस समान संधीची हमी दिली आहे, तिचें व्यवहारांतील पहिलें पाऊल जाहिरात हेंच आहे. सारांश, जाहिरातीचा जन्म न्यायासाठीं झाला. म्हणूनच तिच्या आडून जेव्हां मामलतीचा जुना लिलाव परत येतो, तेव्हां त्यास ओळखणें कठीण जातें.

काढलेल्या मनुष्याची जागा पुन्हां भरावयाची झाल्यास त्याचा तिच्यावर कांहीं हक्क आहे कीं नाहीं, या प्रश्नास आमच्या कायद्यानें एकदां स्पष्ट उत्तर दिलें होतें. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं दुरुस्ती होऊन २५ एच हें कलम आलें. कपात केलेल्या कामगारांस पुन्हां कामावर येण्याची संधी द्यावी आणि इतरांपेक्षां त्यांस अग्रक्रम असावा, असें त्यानें सांगितलें. १९५७ च्या केंद्रीय नियमांनीं तर असें ठरविलें कीं, जागा भरण्यापूर्वीं निदान दहा दिवस आधीं तिची सूचना फलकावर लावावी आणि काढलेल्या कामगारांस रजिस्टर टपालानें कळवावें. म्हणजे आपल्या जुन्या जागेची बातमी त्या मनुष्यास परक्याच्या तोंडून वा वर्तमानपत्रांतून कळूं नये, ती मालकानेंच त्याच्या घरीं पोंचवावी. या साध्या नियमांत केवढी माणुसकी आहे! २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनें, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली, हा अग्रक्रम ठेवला आहे. मात्र कपातीनंतर एका वर्षाच्या आंत जागा भरली तरच तो लागू होतो.

परंतु या भिंतीस दोन खिंडारें पडलीं. १९८४ च्या दुरुस्तीनें असें ठरलें कीं, कराराची मुदत संपली आणि करार पुढें चालूं ठेविला नाहीं, तर ती कपातच नव्हे. तेव्हांपासून ‘काढून टाकलें’ या शब्दाची गरज पुष्कळ ठिकाणीं संपली. मुदत संपते, मनुष्य आपोआप बाहेर असतो, आणि कोणी कोणास काढलेलें नसतें. दुसरें खिंडार १९८८ सालीं दिसलें. गोव्यांतील एका शिक्षिकेच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थानें कामगार नव्हे. अध्यापनाच्या थोरवीबद्दल त्या निर्णयांत आदरच आहे. परंतु गिरणीकामगारास मिळालेलें तें रजिस्टर पत्र शिक्षकाच्या घरीं येण्याचा मार्ग त्यामुळें बंद झाला.

या दोन खिंडारांतून महाविद्यालयांतला तासिका तत्त्वावरील प्राध्यापक आज उभा आहे. त्याची नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती असते, मोबदला घेतलेल्या तासांपुरता मिळतो, आणि परीक्षा आल्या कीं त्याचें नांव हजेरीपटावरून उतरतें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ च्या जानेवारींत अतिथी अध्यापकांस दर व्याख्यानास १५०० रुपये, महिन्यास फार तर ५०,००० रुपयांपर्यंत, असा दर सुचविला; परंतु उन्हाळ्याच्या महिन्यांस कोणत्याहि दरानें गुणलें तरी उत्तर शून्यच येतें.

आमचा एक जुना विद्यार्थी पिंपळगांव रेणुकाईच्या बाजूचा आहे. एका महाविद्यालयांत तो सहा वर्षें इतिहास शिकवीत आहे. अधिक अचूक बोलावयाचें तर तो तेथें सहा वेळां एकेक वर्ष शिकवीत आला आहे. दर पावसाळ्याच्या तोंडीं आपल्याच तासांची जाहिरात तो वर्तमानपत्रांत वाचतो, प्रमाणपत्रांची तीच फाईल घेऊन मुलाखतीस जातो, आणि अर्जांतील ‘पूर्वानुभव’ या रकान्यांत त्याच महाविद्यालयाचें नांव त्याच महाविद्यालयास कळवितो. त्याचे वडील मिरचीचें पीक घेतात. पिंपळगांवचा मिरचीबाजार प्रसिद्ध आहे. हंगामांत बाहेरगांवचे व्यापारी तेथें उतरतात, भाव रोज चढतो-उतरतो, आणि त्याबद्दल कोणी रडत बसत नाहीं, कारण तेथें विकली जाते ती मिरची. मुलाची ही दरसालची हकीगत ऐकून वडील एकदां त्याला म्हणाले, “मिरचीची बोली ठीक हाय. पण आपल्याच वावराची बोली दरसाल आपणच बोलायची, ही कंची रीत?” एल्फिन्स्टनच्या अहवालांतला तो सगळा परिच्छेद त्या एका वाक्यांत आम्हांस सांपडला.

मामलतदार आणि हा अध्यापक यांत एक फरक मात्र आहे. मामलतदार आपली तूट रयतेकडून भरून काढी. अध्यापकाच्या हाताखालीं कोणी रयत नाहीं. तो स्वतःलाच पिळतो. सकाळीं एका गांवीं, दुपारीं दुसऱ्या गांवीं तास घेतो, आणि मधला वेळ बसथांब्यावर जातो. तरीहि शेवटीं नुकसान खालपर्यंत पोंचतेंच. पहिल्या वर्षाच्या ज्या मुलास त्यानें ओळखलें, त्यास तिसऱ्या वर्षीं तो शिकवील कीं नाहीं हें त्याला ठाऊक नसतें. ग्रंथालयासाठीं पुस्तकांची यादी करावी, गांवोगांवच्या जुन्या कागदांचा संग्रह मुलांकडून करवावा, असें त्याच्या मनांत येतें. पण विहिरीची गोष्ट येथेंहि खरी ठरते.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्याच जाहिरातीकडे डोळे लावून बसलेला दुसरा एक तरुण असतो. त्याची पदवी तेवढीच मोठी आणि त्याचें घर तेवढेंच गरजू. आंत असलेल्यास कायम करा, असें म्हणतांच बाहेरच्याच्या तोंडावर दार लावल्यासारखें होतें. १० एप्रिल २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें कर्नाटकांतील हंगामी नोकरांच्या प्रकरणांत हेंच तत्त्व ठासून सांगितलें: रीतसर निवड झाल्यावांचून केवळ दीर्घ सेवेच्या बळावर कायमपणाचा हक्क उत्पन्न होत नाहीं. यांतील न्याय नाकारतां येणार नाहीं. परंतु त्याच न्यायालयानें १९९२ सालीं हरियाणाच्या एका प्रकरणांत आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिचें स्मरण कमी लोकांस असतें. हंगामी मनुष्याच्या जागीं दुसरा हंगामी मनुष्य आणूं नये. रीतसर निवडलेल्या कायम मनुष्यासाठींच त्यानें जागा सोडावी.

आमच्या मतें सगळा विवेक या वाक्यांत आहे. कायम जागेची उघड जाहिरात एकदांच निघावी, तिच्यासाठीं आंतल्यानें आणि बाहेरच्यानें सारख्याच हक्कानें अर्ज करावा, आणि ज्याची निवड होईल त्यास विहीर खणण्याइतका अवकाश मिळावा. अशा जाहिरातींत ज्याची जागा जाईल त्यास दुःख होईल, पण अपमान वाटणार नाहीं. कारण आपल्यापेक्षां योग्य मनुष्य आला, हें तो स्वतःस सांगूं शकेल. ज्या जाहिरातीनें एका वर्षाच्या मनुष्याच्या जागीं दुसरा एका वर्षाचा मनुष्य येतो, तींत मात्र कोणाचीच निवड होत नाहीं. बाहेरच्या तरुणालाहि तेथें मिळते ती पुढल्या वर्षीं तीच जाहिरात वाचण्याची पाळी. कायम निवड होईपर्यंत जो आहे त्यासच चालूं ठेवावें, आणि जागा भरावयाची झाली कीं वर्तमानपत्राआधीं त्यास पत्र जावें. १९५७ सालीं गिरणीकामगारासाठीं जें सुचलें तें अध्यापकासाठीं सुचण्यास फार मोठ्या बुद्धीची गरज नाहीं.

बाजीरावाची मामलत १८१८ सालीं संपली, चंदुलालचा मक्ता सालारजंगानें मोडला. त्या लिलावांत बोली बोलणाऱ्यांचीं नांवें आज कोणास आठवत नाहींत. ज्या विहिरी त्यांनीं खणल्या नाहींत, त्यांची तहान मात्र गांवांनीं पुढें कित्येक वर्षें सोसली.