जिभेचा निवाडा : चहाची पारख कोणी केली, आणि कशी चुकली

१० जानेवारी १८३९. लंडनच्या लिलावात त्या दिवशी चहाच्या आठ पेट्या विक्रीस निघाल्या. एकूण वजन सुमारे ३५० पौंड, म्हणजे एका बैलगाडीत सहज मावेल एवढेच. तीन पेट्या ‘सूचाँग’, पाच ‘पेको’. नावे चिनी होती. चहा मात्र आसामचा होता. कॅप्टन पिडिंग नावाच्या एकाच व्यापाऱ्याने आठही पेट्या उचलल्या आणि पौंडाला १६ ते ३४ शिलिंग असा अवाच्या सवा दर मोजला.

हा दर चवीला मिळाला होता का? मुळीच नाही. तो नवलाईला मिळाला, ब्रिटिश साम्राज्यात पिकलेल्या पहिल्या चहाच्या अभिमानाला मिळाला. पुढच्याच वर्षी दुसरी खेप आली तेव्हा नवलाई ओसरली होती आणि दर बरेच खाली उतरले. चहाची पारख नेमकी कोण करते, जीभ, डोळा की मन, या प्रश्नाचा हा #थ्रेड.

थोडे मागे जाऊ. १६८९ मध्ये जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री मुंबईस उतरला आणि पुढे सुरतेच्या वखारीत राहिला. सुरतेचे बनिये चहा पितात, त्यात खडीसाखर वा लिंबू घालतात, हे त्याने नोंदवून ठेवले. मायदेशी परतल्यावर १६९९ मध्ये त्याने चहाच्या गुणधर्मांवर एक छोटेखानी निबंधच प्रसिद्ध केला. त्यात चहाचे तीन प्रकार येतात : बोही, सिंग्लो आणि बिंग. आपल्या किनाऱ्यावर चहाची गोडी लागलेल्या माणसाने इंग्रजांना चहा ओळखायला शिकवावे, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अठराव्या शतकात ही यादी लांबत गेली. काळ्या चहात बोही, काँगू, सूचाँग, पेको. हिरव्यात सिंग्लो, ट्वांके, हायसन, गनपावडर. ही सगळी नावे ग्राहकाला पाठ असत. पण त्यांच्यामागचे चिनी अर्थ फार थोड्यांना ठाऊक होते. ‘पेको’ म्हणजे कोवळ्या कळीवरची पांढरी लव. ‘सूचाँग’ म्हणजे लहान जात. ‘काँगू’ म्हणजे मेहनतीने, कसबाने केलेला चहा. ‘बोही’ हे तर फूच्येन प्रांतातील वू-यी डोंगरांच्या नावाचेच अपभ्रष्ट रूप. एक नाव पानाचे, एक झाडाचे, एक श्रमाचे, एक गावाचे; आणि इंग्रज दुकानदाराने ती सारी एकाच फळीवर मांडलेली.

या गोंधळाचा कळस वनस्पतिशास्त्रात झाला. थोर वर्गीकरणकार लिनियस याने १७६२ मध्ये काळ्या आणि हिरव्या चहाची झाडेच वेगवेगळ्या जातींची मानली. वस्तुतः झाड एकच आहे. पान खुडल्यावर लगेच उष्णता देऊन त्याचे काळवंडणे थांबवले तर हिरवा चहा होतो. सुकवून, मळून, हवेत मुरू दिले तर काळा. युरोप दीडशे-दोनशे वर्षे घोट घेत राहिला, पण आपण काय पितो आहोत हे त्याला माहीत नव्हते. जीभ दोन चहांतला फरक अचूक सांगत होती. त्या फरकाचे कारण मात्र तिला कळणे शक्य नव्हते.

कॅन्टनमध्ये परिस्थिती वेगळी होती. तेथे पैसा पणाला लागलेला असे. ईस्ट इंडिया कंपनी दरवर्षी लाखो पौंड चहा उचलत असे, आणि एकदा जहाज सुटले की माल लंडनला पोहोचेपर्यंत कित्येक महिने जात. म्हणून कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅन्टनमध्ये पगारी चहापरीक्षक नेमले. सॅम्युअल बॉल आणि जॉन रीव्ह्ज ही त्यातली दोन ठळक नावे. रीव्ह्जने फावल्या वेळात चिनी चित्रकारांकडून वनस्पती व प्राण्यांची शेकडो चित्रे काढून घेतली आणि आज तो चहापेक्षा त्या चित्रांसाठीच अधिक ओळखला जातो. पण त्याचे मुख्य काम होते नमुना चाखणे, पेटीतला माल नमुन्याबरहुकूम आहे की नाही हे ठरवणे. लंडनमध्ये पेटी खराब निघाली तर कॅन्टनच्या हाँग व्यापाऱ्याला ती भरून द्यावी लागे. एका माणसाच्या जिभेवर दोन खंडांतला हिशेब टांगलेला असे.

इंग्लंडमध्ये मात्र ग्राहकाच्या जिभेला असा कोणी वाली नव्हता. चहावरचा कर एके काळी ११९ टक्क्यांवर पोहोचला होता. त्यामुळे चोरटा व्यापार फोफावला, आणि त्याच्या जोडीला भेसळही. रिचर्ड ट्वायनिंग या चहाव्यापाऱ्याने १७८५ मध्ये ‘स्मूच’ नावाच्या मालाची कृती लिहून ठेवली आहे : ॲश झाडाची पाने उन्हात वाळवायची, भाजायची, तुडवायची, मग हिराकस आणि मेंढीच्या लेंड्या घातलेल्या पाण्यात भिजवायची. हा माल खऱ्या चहात मिसळून विकला जाई. १७८४ मध्ये कर साडेबारा टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा चोरट्या व्यापाराचे कंबरडे मोडले. भेसळीची सवय मात्र गेली नाही.

सर्वांत बोलका प्रसंग १८४८चा. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक चिनी वेष करून, डोक्याचा पुढचा भाग मुंडवून, परकीयांना बंदी असलेल्या चहाच्या मुलखात शिरला. त्याला कंपनीसाठी झाडे, बिया आणि कारागीर मिळवायचे होते. हिरव्या चहाच्या एका कारखान्यात त्याने पाहिले की भाजणीच्या शेवटच्या टप्प्यात मजूर पानांवर प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम यांची पूड टाकत आहेत. त्यांचे हात निळे झालेले. फॉर्च्यूनने हिशेब मांडला : शंभर पौंड रंगवलेल्या चहामागे अर्ध्या पौंडाहून अधिक रंग आणि जिप्सम इंग्रज व अमेरिकन ग्राहकांच्या पोटात जाते.

चिनी माणसे स्वतः तो रंगवलेला चहा पीत नसत. परदेशी गिऱ्हाइकाला एकसारखा, चकचकीत हिरवा रंग आवडतो, त्याला जादा दर मिळतो, म्हणून त्याच्यासाठी रंगवायचा, इतका साधा व्यवहार. येथे चिनी कारागिराला लबाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्या काळच्या इंग्रजी वृत्तपत्रांना तेच सोयीचे होते. पण रंगाची मागणी लंडनची होती. डोळ्याने निवाडा करणाऱ्याला डोळ्यापुरताच माल मिळाला.

आता पुन्हा आसाम. तेथे चहाचे झाड मूळचेच होते. सिंगफो लोक ते पूर्वापार वापरत. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला त्याचा पत्ता लागला, तो सांगणाऱ्यांत मणिराम दत्त बरुआ, म्हणजे पुढचे मणिराम दिवाण, यांचे नाव घेतले जाते. १८३४ मध्ये सरकारी चहा समिती बसली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिने हे झाड निःसंशय चहाचेच असल्याचे कळवले. तरीही तज्ज्ञांचे मन मानेना. विल्यम ग्रिफिथसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे मत असे की रानटी आसामी झाडापेक्षा संस्कारित चिनी झाड श्रेष्ठ. मग चीनमधून बी मागवले गेले, आसामच्या मळ्यांत लावले गेले, आणि देशी झाडाशी त्याचा संकर होऊन बसला. ही चूक निस्तरायला पुढे कित्येक वर्षे लागली. शेवटी रुंद पानाचे आसामी झाडच त्या हवेत टिकले. त्याचा गडद रंग आणि कडकपणा दुधात मावळत नाही, हे इंग्रज गिऱ्हाइकाला पटले. १८८८पर्यंत ब्रिटनमध्ये भारतीय चहाची आयात चिनी चहाहून अधिक झाली.

तोवर चाखण्याची रीतही पक्की झाली होती. लंडनचे दलाल तराजूच्या एका पारड्यात सहा पेन्सचे नाणे ठेवत आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची पत्ती, म्हणजे तीन ग्रॅमहून थोडी कमी. झाकणाच्या भांड्यात उकळते पाणी, पाच-सहा मिनिटे, मग रस वाडग्यात. भिजलेला चोथा झाकणावर उलटा करून ठेवायचा. कोरडे पान, ओले पान, रस, अशा तीन साक्षी. चमच्याने घोट घ्यायचा तो मोठ्याने सुरकून, म्हणजे वाफ नाकाच्या मागच्या बाजूस पोहोचते. मग पिकदाणीत थुंकायचा. आपल्याकडे बशीतला चहा फुरकणाऱ्या आजोबांना घरचे लोक उगाच दटावत आले. १९८० मध्ये याच पद्धतीवर आंतरराष्ट्रीय मानकाची मोहोर उमटली : १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, सहा मिनिटे. चवदार पेयाची ही कृती नव्हे. दोन चहांची तुलना न्याय्य व्हावी एवढाच तिचा हेतू.

मणिराम १८३९ मध्ये आसाम कंपनीचे दिवाण झाले, काही वर्षांत नोकरी सोडून त्यांनी स्वतःचे मळे उभारले. चहा लावणारे ते पहिले भारतीय बागायतदार. १८५७च्या उठावात सामील झाल्याच्या आरोपावरून २६ फेब्रुवारी १८५८ रोजी जोरहाटला त्यांना फाशी देण्यात आली आणि त्यांचे मळे गोऱ्या मालकांकडे गेले. त्यांपैकी सिनामारा हा जोरहाटचाच. १९११ मध्ये चहाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी टोकलाईचे संशोधन केंद्र उघडले, तेही त्याच जोरहाटात.